छाट

पेपर तिसरा, अमेरिकेचा इतिहास.
मी मोठ्यानं वाचते, कारण मनात वाचलं
की आईला वाटतं मी झोपले.
निपाणीत आमच्या गल्लीला तीननंतर सावली येते,
तेव्हा सगळ्या सुपं घेऊन पायरीवर:
जैतुनबी, गौरव्वा, आई आणि हिराक्का,
जिच्या पत्र्याला घासून घासून धार आलीय.

अठराशे चाळीस. एका पक्षानं
ओंडक्यांची झोपडी केली निशाणी,
गावोगाव दारूची पिंपं फोडली,
माणसाहून मोठा चेंडू करून
ढकलत नेला या गावाहून त्या गावाला.
"उमेदवार झोपडीतला व्हय?"
नाही, मोठ्या घरातला.
गौरव्वा पान कातरत म्हणाली, "हौद री."
एवढंच. मान वरही केली नाही.

मग अठराशे शहात्तर.
हे मी तीनदा वाचलं, तरी शिरेना:
ज्याला लोकांची मतं जास्त, तो मागं,
तीन-चार राज्यांतून निकाल दोन-दोन,
आणि मंडळं बसलेली,
कुठली मतं धरायची, कुठली टाकायची.
"छाट," हिराक्का म्हणाली.
काय?
"अगं छाट. चेकर करतोय ती."

रोज संध्याकाळी कारखान्याच्या ओट्यावर
हजारातल्या साठ-सत्तर तो बोटानं बाजूला सारतो.
तोंड सैल, पान फाटकं, जर्दा कमी.
मजुरी कापतो
आणि विड्या काही परत देत नाही.
"मग त्या छाटीचं काय केलं त्यांनी?"
मी पान उलटलं. आयोग नेमला.

आयोग म्हटल्यावर
चौघी एकदम हसल्या,
आई तर इतकी की सुपातला जर्दा सांडला.
माझे आजोबा म्हणे सीमेच्या आयोगाची वाट बघत
रेडिओपाशी बसायचे.
निकालानंतर त्यांनी रेडिओ विकला नाही,
फक्त त्यावर कापड टाकलं.
ते अजून तसंच आहे, आई दिवाळीला धुते.

पंधरा जण. आठ विरुद्ध सात, प्रत्येक वेळी.
एकशे पंच्याऐंशी, एकशे चौऱ्याऐंशी.
"ते आठ कुणाचे?" जैतुनबीनं विचारलं.
जो जिंकला, त्याच्या पक्षाचे.
तिनं दोरा दातानं तोडला.

पुढं लिहिलंय, तडजोडीत दक्षिणेतलं सैन्य उठलं,
आणि काल-परवापर्यंत गुलाम असलेल्या माणसांची मतं
हळूहळू जवळपास सगळीच छाटीत गेली.
पुस्तकात छाट नाही. तो शब्द मी घातला.
कुणी बोललं नाही.
गेल्या वेळी जैतुनबीचं नाव यादीत नव्हतं.
शाळेच्या दारातनं परत आली,
इस्त्रीची साडी नेसलेली.

"आणि बायकांचं मत?" आईनं शेवटी विचारलं.
नव्हतंच तेव्हा.
"मग बरं," म्हणाली, "छाटायला तरी काय नव्हतं."

साडेपाचला सगळ्या उठल्या, गुडघे धरत.
मी समासात लिहून ठेवलं, आठ गुणांसाठी:
आयोगाच्या निर्णयाचे परिणाम स्पष्ट करा.
आई अंधार पडल्यावर आली.
आज बावन्न गेल्या.