डावीकडचं पाचवं रबर

ऐंशीच्या पुढे गाडी घुमते, असं हमीदभाई म्हणाले,
आणि त्यांची बायको मागच्या दारातून उतरत,
"यांना दारावरची बेल ऐकू येत नाही,
गाडी कुठली घुमतेय!"

सात माणसांची गाडी. डिझेल. पांढरी.
चार वर्षांची, त्यातली तीन जावयाच्या हाताखाली,
हर्णैच्या लिलावाला थेट वाळूत उतरवलेली.
मी वहीत लिहिलं: आवाज.
पुढे प्रश्नचिन्ह.

पहिल्या दिवशी चाकं, शिशाचे तुकडे लावून तोलली.
मग टायर, मागचे पुढे, पुढचे मागे.
नंबरप्लेटीमागे स्पंज, टपावरच्या दांड्यांना टेप.
डॅशबोर्ड उघडला तर आत
खजुराच्या दोन बिया, नातीची बांगडी
आणि कुठल्याशा बंदरातलं भोक पडलेलं नाणं.
ते सगळं वाजत होतंच, पण ते नव्हे.
दारांच्या पोटात डांबरी पत्रे चिकटवले.
ओंक्या म्हणाला, ताई, आता हिच्यात झोप लागेल.
हमीदभाईंनी काचेवर तळहात ठेवला.
"आहे."

काचा बंद केलेली मोठी गाडी म्हणजे डग्गाच,
बोट कुठे टेकलंय
ते आत बसून कळत नाही.
लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून
मी गिअरबॉक्स ऐकला, शाफ्ट ऐकला, सायलेन्सरची नळी ऐकली.
बाबा सांगायचे, आधी ऐकावं, नाव मागून ठेवावं.
मला काही ऐकू आलं नाही.
खरं सांगते, म्हातारा भ्रमलाय असं वाटलं.

दाभोळच्या रस्त्याला त्यांनी आपणहून सांगितलं:
एकतीस वर्षं इंजिनरूम.
तेलवाला म्हणून चढले, कान तिथेच ठेवून उतरले.
खाली कुणी बोलत नाही.
बेअरिंग तापलं की तळहाताला आधी कळतं,
काट्याला मागून.
आणि इंजिन थांबलं, की झोपलेले सगळे
एकदम उठून बसतात.

दाभोळला फेरीबोट. गाडी चढवली, इंजिन बंद,
हँडब्रेक ओढला.
शेजारी म्हाकुळांचे क्रेट भरलेला टेम्पो,
दोन मोटारसायकली, कुणाची तरी शेळी.
बोट थरथरत सुटली
आणि हमीदभाई ताठ झाले.
"बघ."
बंद गाडी घुमत होती.
बोटीचं इंजिन पत्र्यातून चाकांत, चाकांतून आमच्यात.
ते सीटांमधून मागे गेले, गुडघ्यांवर,
सत्तरीचा माणूस, तळहातानं फरशी चाचपत,
दुसरी रांग, तिसरी रांग,
आणि डाव्या कोपऱ्यात थांबले,
पोराचा ताप बघावा तसे.
"इथं ठेव."
मी हात ठेवला.
धोपावे येईपर्यंत काढला नाही.

चासी आणि बॉडीच्या मध्ये दहा रबरं असतात,
पाच उजवीकडे, पाच डावीकडे.
हे शेवटचं. खाऱ्या पाण्यानं फुगलेल्या वॉशरनं
निम्मं चावून टाकलं होतं,
लोखंड लोखंडाला टेकलं होतं, नखाएवढं,
वरून दिसणार नाही असं.
रबर एक, सहाशे चाळीस. मजुरी वेगळी.
डांबरी पत्र्यांचे पैसे मी लावले नव्हते,
त्यांनी मोजून ठेवले.

नवं रबर बसवून पुन्हा त्याच रस्त्याला नेली. ऐंशी. नव्वद.
काचेवर तळहात.
बायको म्हणाली, बघा, मी सांगत होते,
काहीच नव्हतं.
ते हसले नाहीत. हात काचेवर तसाच,
काहीतरी विसरल्यासारखा.
उतरताना जुनं रबर मागितलं,
कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातलं.

वहीतलं प्रश्नचिन्ह मी खोडलं.
हल्ली रात्री कॉम्प्रेसर बंद करून शटर ओढताना
हात पत्र्यावर जरा जास्तच राहतो.
बंदरातून बोटी सुटायची वेळ असते.
पत्रा काहीतरी सांगत असतो.
ओंक्या म्हणतो, वारा आहे.
असेलही.