ओट्यासाठी नमुने

ओट्याला जाळी लावून झाली दिवाळीआधीच.
खाडीकडचे डास आता सहाच्या सुमाराला
बाहेरच ताटकळतात.
राहिली होती जमीन.

नेरुळमधलं सिडकोचं बैठं घर,
ओटा अकरा फूट बाय सहा,
एवढ्याशा तुकड्यासाठी मी तुर्भ्याला पाच खेपा घातल्या.
लालजीभाईच्या दुकानात नमुने फुकट मिळतात,
वीतभर तुकडे, पाठीवर खडूने नंबर.

एकतीस वर्षं रबराच्या कारखान्यात
वस्तू कधी तुटेल एवढंच बघत होतो मी.
सवय जात नाही.
व्हिनाइल बादलीत बुडवून ठेवलं नऊ दिवस.
हिरवं नकली गवत टाकीवर उन्हात,
तापलं की त्याला नव्या चपलांचा वास यायचा.
चकचकीत टाइलवर साबणाचं पाणी ओतून
स्वतःच चाललो, चौकटीला धरून,
दुसऱ्या पावलाला चौकट सुटली.
काथ्याची चटई शेजारच्या बोक्याने नापास केली.

वहीत रकाने पाडले: पाणी, ऊन, ओरखडा, घसरण.
निरा म्हणाली, अजून एक पाड,
मी कोलंबी सोलायला बसते त्याचा.

मग जुनं काढायला घेतलं.
थोरलीच्या बारशाला चिकटवलेलं मेणकापड,
कडेपासून उचकटताना
कोब्याचे पोपडे घेऊनच वर आलं.
खाली सगळीकडे पांढरं, भुरभुरीत.
बुरशी, मी म्हणालो. वहीत लिहिलंसुद्धा.
निरा वाकली, बोटाने टिपलं, जिभेला लावलं.
"मीठ हाय," म्हणाली,
दारात कोणी माहेरचं उभं असावं तशी.

तिच्या बापाचं मिठागर नेमकं कुठे होतं
ते तिला आता दाखवता येत नाही.
कधी पेट्रोल पंपाकडे बोट करते,
कधी शाळेच्या कुंपणाकडे.
पण जमीन कशी करायचे ते सांगते:
पाणी सोडायचं बेताचं, चिखल मऊ झाला
की रांगेने उभं राहून तुडवायचं,
टाच, चवडा, टाच,
सुकू द्यायचं, परत तुडवायचं,
बोट शिरेनासं होईपर्यंत.
मग त्या तळावर खाडी आणून ठेवायची
आणि उन्हाची वाट बघायची.
मिठात चिखल दिसला तर व्यापारी भाव पाडायचा.
बापाच्या टाचांच्या भेगा कधी भरल्या नाहीत,
कधी सडल्याही नाहीत.

पेन हातातच होतं माझ्या.
किती टिकायची ती जमीन?
"एक वर्स," ती म्हणाली. "पाऊस गेला का परत तुडवा."

गवंडी रामाशीषने कोबा ठोकून पाहिला,
कानाने ऐकल्यासारखं केलं.
चिकटवायचं काहीच नको, म्हणाला,
खालचं ते कितीही दाबा, ढकलणारच.
कोटा घाला, पॉलिश न केलेला,
सांधे थोडे ढिले ठेवतो,
येऊ दे त्याला तिथून, झाडून टाका.
लालजीभाईचं तोंड उतरलं,
पाच खेपांचा चहा त्याने पाजला होता
आणि सगळ्यात स्वस्त फरशीला गिऱ्हाईक लागलं.

तीन दिवसांत काम झालं.
निळसर करडा दगड,
दुपारी पाय ठेवला तर ओल्या फडक्यासारखा.
व्हिनाइलचा नमुना आता गॅसच्या सिलिंडरखाली आहे,
गवताचा तुकडा बोक्याला दिला, तो त्यावर बसत नाही.

मार्चमध्ये सांध्यांत पहिली रेघ उमटली,
पाटीवर पेन्सिल ओढावी इतकी बारीक.
मी वही काढली,
"टिकाऊपणा" पुढे काय लिहावं कळेना.

निराने केरसुणीने हलकेच गोळा केलं,
चिमूटभरही भरलं नाही.
कुंडीत नको टाकू, म्हटलं मी, मोगरा जळेल.
तळहातावर घेऊन तिने जाळीचं दार उघडलं,
खाडीच्या बाजूला फुंकर मारली
आणि बराच वेळ तशीच उभी राहिली,
दार उघडं टाकून.

डास आत आले. आठ-दहा तरी असतील.
मी काही बोललो नाही.