लाल दोन बोटं

लिलॅकच्या झुडपाशी, गवतातून वीतभर वर आलेली
गंजक्या टोपणाची नळी. दिसतं ते इतकंच.
बाकी सगळी टाकी खाली, पाचशे गॅलनांची,
जिच्या जिवावर आम्ही एकोणपन्नास हिवाळे काढले.

रोझेर म्हणतो, असू दे.
चौऱ्याहत्तर साली त्यानं आणि आदेलारनं
दोन दिवस खणून ती पुरली,
आदेलारचं मनगटी घड्याळ खड्ड्यातच राहिलं.
आता आदेलार चर्चमागच्या मातीत,
आणि याच्यानं फावडं उचलवत नाही.
खाजवून खरूज कशाला काढायची, म्हणतो.

डरवुड पिंकम येऊन गेला, खणणारा.
टोपणावर बूट ठेवून त्यानं हिशेब सांगितला:
जमीन स्वच्छ निघाली तर साडेचार हजार डॉलर.
आणि नाही निघाली तर?
त्यानं नदीकडे पाहिलं.
"मग आकडा नसतो, बाई."

रात्रभर मी दोन्ही बाजूंनी बोलत राहिले.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे.
पण मूठ फक्त आपली असेल तर.
उतारावर खाली मिरेयचं घर, तिची विहीर,
तिचं चार महिन्यांचं बाळ,
ज्याच्या दुधाच्या पावडरीत ती कुठलं पाणी घालते
ते मला माहीत आहे, कारण मीच तिला सांगितलं होतं,
आपल्या टेकडीचं पाणी गोड आहे गं,
भीती नको.

पहाटे उठले. दहिवर गोठलेलं.
मोजकाठीच्या टोकाला पाणी ओळखायचं मलम फासलं,
मोहरीच्या रंगाचं. ती ट्यूब डरवुड विसरला
की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे.
काठी नळीतून सोडली. तळाला ठक्क.
तीस आकडे मोजले.
वर काढली तर टोकाशी
दोन बोटं लाल.

तेल नव्हे, पाणी. कुठून तरी आत येत होतं.
आणि भोकाला काही
एकच दिशा ठाऊक नसते.

काठी पुसली नाही.
टेबलावर वर्तमानपत्र अंथरून
त्याच्या कॉफीच्या मगाशेजारी ठेवली,
लाल टोक त्याच्याकडे करून.

रोझेरनं चष्मा लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला.
बराच वेळ घरात फक्त तळघरातल्या बर्नरचा आवाज.
मग म्हणाला, "लिलॅक आधी हलवावं लागेल.
जमीन गोठायच्या आत."