टेंभ्याचा पट्टा

रॉयल्टीच्या पुस्तकात पावतीमागे कार्बन,
कार्बनमागे निळसर दुसरी प्रत,
आणि तिच्या पाठीवर, जिथं कुणी काही लिहीत नाही,
निरंताने एक सूर्य काढला.

सूर्य नाही, म्हणाली. टेंभा.
लहान आहे, लाल आहे. विझत नाहीये,
असाच आहे तो, कमी तेलावरचा.

मी क्रशरवरचा मुनशी. ट्रॅक्टर मोजतो.
तिची माय, कौतिका कुमरे, जबड्यात दगड लोटते.
पोट्टी आश्रमशाळेतून दिवाळीला आलेली,
माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ग्रह ठेवत गेली.

पहिला तवा. त्यावर काही टिकत नाही.
दुसरी बोडी: पाणी, शिंगाडे, एका अंगाला कायमची रात्र.
मग बरीच जागा सोडून, पार पानाच्या काठाला,
शिक्क्यावर शिक्का मारून फुगवलेला एक गोळा,
मालगुजार.
त्याला जमीन नाही. नुसतं पोट,
आणि सतरा चंद्र वेठीला.

आणि मधे?
मधे तिने पेन आपटत ठिपके दिले.
पट्टा, म्हणाली.

मला तीन पट्टे माहीत.
एक समोरचा, रबराचा, गिट्टी वर नेणारा,
चाळीस एमएम, वीस एमएम, मग भुकटी.
एक वाघाच्या अंगावरचा,
दिसला तरी त्याचं नाव घ्यायचं नाही.
आणि एक कौतिकाचा, कागदाचा, वनहक्काचा.
त्यासाठी मोजणीवाले येऊन गेले,
यंत्र डोक्यावर धरून धुऱ्यावर उभे राहिले
उपग्रह सापडेना म्हणून.
अजून सापडायचा आहे.

हा चौथा.

"तिथं ग्रह होनार होता," निरंता सांगते.
"गोटे जमा होत होते. मालगुजार बाजूनं गेला का ओढते.
मंग कोनी कोनाजवळ राहत नाही."
फुटला असंल, मी म्हणालो. फुटणं मला कळतं.
"फुटला नाही जी. झालाच नाही."

किती ब्रास?
सवयीनं विचारलं. तिनं बोटांवर हिशोब केला.
सगळा पट्टा गोळा केला
तरी बोडीचा चंद्रही भरत नाही.
माझ्या मनातला ढीग तिला तोंडावर दिसला असावा.
"ढीग नाही. एका गोट्यावरून दुसरा दिसत नाही.
मधात लाख लाख कोस.
डोळे मिटून ट्रॅक्टर नेला तरी धक्का लागत नाही."
डोळे मिटून तर दिवरू गहाणे रोजच नेतो.

मोठ्या गोट्यांना नावं होती.
खरमत. झिंगरी. आजीचा दात. रोवण्याची सुट्टी.
एकाला नव्हतं. तो मायचा, म्हणाली,
विचारून ठेवीन.

त्या संध्याकाळी पट्टा तुटला, आमचा, रबराचा.
जबडा थांबला. कानात चालूच राहिला.
धूळ बसायला अर्धा तास लागतो;
नऊ वर्षांत मी ती बसेपर्यंत कधी थांबलो नव्हतो.
कौतिकाने डोक्याचा फडका सोडून झटकला.
लेकीने बॅटरीच्या उजेडात कागद धरला.
ती बराच वेळ मालगुजाराकडे पाहत राहिली.
"याच्या नावाचा सातबारा हाय का?"
निरंता हसली नाही.
वर बघत म्हणाली, पाहा लागंल.

सोमवारच्या एसटीने ती गेली.
पुस्तक तालुक्याला जमा करायचं आलं
तेव्हा पावती ४४१७ भरलेली निघाली, गोल अक्षरात.
खनिज: गोटा. परिमाण: एक. वाहन: नाही.
कुठून: टेंभ्याचा पट्टा.
कुठे:
तिथं रिकामं.

रद्द करायचा नियम आहे, दोन तिरप्या रेघा मारून.
पेन काढला. झाकण दातात धरून
थोडा वेळ तसाच बसलो.
खाली मुनशीची सही असते.
तेवढी केली.