इतर खर्च

वडगावात आमच्या गल्लीत व्हॅन शिरली,
रिव्हर्स घेताना कुगजींची तुळस गेली.
उतरल्या रेवती मॅडम, पुण्याहून,
हातात लाल टिकल्यांचं पाकीट.

पैसा गळतो तिथं टिकली:
परशरामच्या बुलेटवर,
सासूबाईंच्या तपकिरीच्या डबीवर,
टीव्हीच्या मराठी पॅकवर. ‘कन्नड आहेच की,
पोरीला शाळेत लागतं.’
सासूबाई म्हणाल्या, ‘बघूया की गे.’
म्हणजे नाही.
पण पॅक गेला.

मग वही उघडली. माझी.
भिशी, वीजबिल, मागाचं तेल, अर्धा पाव कुंदा,
आणि दर शनिवारी: नीलव्वा, चाळीस.
‘हे काय?’
जोळद रोट्टी.
‘घरी तवा नाही?’
कॅमेरा माझ्या तोंडावर थांबला.

तवा आहे. त्या वर्षीपण होता,
माग सात महिने बंद होते तेव्हा.
पीठ नव्हतं.
नीलव्वानं कधी लिहून ठेवलं नाही,
म्हणून मी लिहिते.
हे बोलले नाही. म्हटलं,
पातळ करते ती, कागदासारखी.

फळ्यावर आकडा आला: दोन हजार तीनशे पंधरा.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण.

एपिसोड लागला त्या रात्री
आमच्याकडं मराठी येत नव्हतं.
गेलो नीलव्वाकडं, पोरगा केबलवाला,
तिच्याकडं सगळंच येतं.
रोट्टीचं त्यांनी कापलं होतं.
‘एन अंताळ?’ तिनं विचारलं.
‘परवडतंय म्हणते,’ मी म्हटलं.

निघताना पदराआडून तिनं दोन रोट्ट्या दिल्या.
बुधवार होता.
वहीत कुठं लिहू?