अंश

बावीस टाचण्या. मी स्वतः मोजल्या,
पट्टी बदलताना नर्स दुसरीकडे बघत होती तेव्हा.
टाचण्याच त्या, टाके नव्हेत.
एकतीस वर्षं मशीन चालवलेल्या बाईला
शिलाई कळते बरं:
मांडीकडून सरळ आली, वाटीवर जरा वाकली,
खाली पुन्हा धरली रेघेत.
गिऱ्हाइकाला दिली असती मी? दिली असती.
उसवून पुन्हा घातली नसती.

घरी आणलं चैत्राच्या अखेरीस
भाच्याच्या मालवाहू ॲपेत, गादीवर उताणी.
सेलूपासून गावापर्यंत प्रत्येक खड्डा
आधी गुडघ्याला समजला, मग चाकाला.

आता लोखंडी पलंग, पायांखाली दोन-दोन विटा.
प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक
वेल्डिंगवाल्या इस्राईलनं तापल्या सळईनं पाडून दिलं.
पैसे घेतले नाहीत. नजरही वर केली नाही.

सकाळी साडेसातला रोहन उईके येतो,
फिजिओथेरपीवाला पोऱ्या, तीन गावं करतो फटफटीवर.
पिशवीतून कोनमापक काढतो,
शाळेच्या कंपासातला असतो तसाच, जरा मोठा.
"वाकवा काकू. अजून. अजून थोडं."
मी देवाचं नाव घेत नाही, त्याच्या आईचं घेते.
तो हसतो, वहीत लिहितो: बेचाळीस.

बाहेर त्या दिवशी चव्वेचाळीस होतं.

मग तेच लागलं घरात.
आमचे हे ओसरीतून पेपर वाचून ओरडतात,
"चंद्रपूर पंचेचाळीस पॉइंट दोन! तुही काय खबर?"
"पन्नास," मी म्हणते.
"हारलं चंद्रपूर," म्हणतात, आणि चहा मांडतात.
साखर कधी दोनदा, कधी नाहीच.

बर्फ दुकानातून येतो: पेप्सीकोले,
लाल, नारंगी, लांबट.
रुमालात गुंडाळून गुडघ्यावर ठेवायचे
आणि वितळले की नातवानं प्यायचे.
त्याची जीभ केशरी, माझा गुडघा जांभळा.

बेबीताई ठमके भेटायला आल्या.
"कसं वाटून राह्यलं?" विचारून झालं,
नजर मात्र कोपऱ्यातल्या गाठोड्यावर.
पोरीचं लग्न अकरा दिवसांवर,
नऊ ब्लाउज कापून पडलेले, बाह्यांविना.
"घाई नाही माय," म्हणाल्या,
आणि केळ्यांच्या फणीखालून
आणखी एक कापड काढलं.

पोरानं पुण्याहून मोटर पाठवली.
बटण दाबलं तर सुई अशी पळाली
जसं मागं कुत्रं लागलं.
साडेअकराला लाईन गेली, आली साडेपाचला.
कूलर थांबला, मोटर थांबली,
खोलीत फक्त माझं रक्त चालू होतं,
नव्या सांध्याभोवती, ठक ठक.

रात्री जुना गुडघा आठवतो.
कुठं टाकता तो, मी विचारलं होतं डॉक्टरला.
"काकू, लोणचं घालता का त्याचं?"
सगळे हसले. मीही.
पण टोपडी, गणवेश, नवऱ्यांचे झंपर,
एकदा घाईघाईत, रडत, एका लेकराचं शेवटचं अंगडं,
सगळं त्यानंच दाबत आणलं होतं.

काल वहीत लिहिलं गेलं: शहाऐंशी.
पायमशीनला किती लागतात ते वहीत नाही.
ते मला माहीत आहे.

पहाटे, भिंती जरा निवल्या तेव्हा
वॉकर धरून चार फरश्या ओलांडल्या.
पट्टा चढवला. दोरा ओवला नाही.
डावा पाय आधी ठेवला, मग तो, परका.
पायडल थंड होतं.
थोडं गेलं. अडलं.
पुन्हा.
मग टाच उतरली, चाक फिरलं,
रिकामी सुई हवेला टाके घालत गेली.

ओसरीतून आवाज,
"काय शिवून राह्यली वं इतक्या पाहटे?"
"काही नाही."
"मंग?"

उत्तर द्यायला थांबले असते
तर चाक उलटं फिरलं असतं.