साडेनऊचं ऊन

जेवणं झाली, भांडी झाली,
उद्याच्या डब्याची भेंडीसुद्धा चिरून झाली,
आणि शेफील्डमध्ये अजून ऊन आहे,
कुंपणाच्या वरच्या फळीवर, तिरकं.

मागच्या पायरीवर मी आणि गार झालेला चहा.
हॉलीहॉक माझ्याहून हातभर उंच.
फॉक्सग्लव्हच्या घंटेत शिरलेला भुंगा
आतून गुरगुरतो,
मागे सरकत बाहेर येतो,
पाठ परागानं माखलेली.

पलीकडून मॉरीन ओरडते,
"स्वीट पी रोज तोडत जा गं!
नाही तोडलीस तर वेलीला वाटतं, झालं आपलं काम,
आणि ती फुलायचीच थांबते."

आमच्याकडे दिवेलागणीनंतर
फुलाला हात लावत नाहीत.
झाडं निजलेली असतात.
पण दिवेलागण आहे कुठे?
घड्याळात साडेनऊ, आभाळात पाच.

कोथिंबिरीची कात्री आणते.
जांभळी, गुलाबी, एक जवळजवळ काळी.
वास मनगटापर्यंत चढतो.
अर्धी मूठ कुंपणावरून मॉरीनला,
उरलेली लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.

साडेदहाला, एकदाचा अंधार पडल्यावर,
अनवाणीच वेलीपाशी जाते.
झोप आता, म्हणते,
इथे पावणेपाचला उजाडतं.

पलीकडे पाइपचा आवाज.
मॉरीन अजून पाणी घालतेय.